दाढ काढताना घाबरू नका!

दाढ ठणकू लागली की आपण काय करतो? लवंग दाबतो, गालाला बाम चोळतो, कुणी तर तंबाखूची चिमूट दाढेखाली धरतो. आम्हीही हेच केले. एकाच्या सांगण्यावरून अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरली. दाढ थांबली नाहीच, उलट हिरडी भाजून पांढरी पडली. शेवटी गाल सुजला, दोन दिवसांचा रोज बुडाला, तेव्हा कुठे आम्ही दवाखान्याची पायरी चढलो. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

आधी एक खुळी समजूत काढून टाका. 'वरचा दात काढला की डोळे जातात' हे साफ खोटे आहे. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. पण दाढ वाचण्यासारखी आहे का, हेही डॉक्टरांना आधी विचारा. प्रत्येक किडकी दाढ काढावीच लागते असे नाही.

जाताना उपाशी जाऊ नका, थोडे खाऊन जा. साखर, रक्तदाब, हृदयाचा आजार, औषधाची अॅलर्जी किंवा दिवस गेलेले असतील तर अगोदर सांगा. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. रस्त्यावर बसून दात काढणाऱ्याकडे मुळीच जाऊ नका. सुई नवी आणि हत्यारे निर्जंतुक केलेली हवीत. ते विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

डॉक्टर प्रथम हिरडीत भुलीचे इंजेक्शन देतात. दुखते ते एवढेच, तेही क्षणभर. थोड्या वेळात ओठ व जीभ जड होतात. मग पकडीने दाढ हलवून सैल करतात. दाब जाणवतो, कधी 'कट्' असा आवाज येतो. तो ऐकून आम्ही खुर्ची घट्ट धरली होती, पण दुखले काहीच नाही. दुखलेच तर हात वर करा, डॉक्टर आणखी भूल देतात.

खरी काळजी पुढे घ्यायची असते. खड्ड्यावर ठेवलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच जखमेचे झाकण असते. म्हणून पहिले चोवीस तास चूळ भरू नका, जोराने थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. विडी, तंबाखू, मिश्री तर दूरच ठेवा. आम्ही तोंडाला रक्ताची चव येते म्हणून रात्री खळखळून चूळ भरली. गुठळी निघून गेली आणि तिसऱ्या दिवशी कानापर्यंत अशी कळ गेली की पुन्हा दवाखाना गाठावा लागला.

भूल दोन-तीन तास राहते. तोवर गरम खाऊ नका. लहान मुले बधिर ओठ चावून घेतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. त्या दिवशी दहीभात, थंड पेज असे मऊ अन्न घ्या. गालावर बाहेरून फडक्यात बर्फ धरा. थुंकीत थोडी लाली दिसली तर घाबरू नका. दोन दिवस ओझे उचलू नका. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हळू गुळण्या करा. औषधे डॉक्टरांनी लिहून दिली तेवढीच आणि तितकेच दिवस घ्या.

बोळा पुन्हा अर्धा तास धरूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, सूज वाढत गेली, तोंड उघडेना किंवा घास गिळवेना, तर सकाळची वाट पाहू नका, तडक मोठ्या रुग्णालयात जा. दाढेचा पू गळ्याकडे उतरला तर जिवावर बेतते. तोंडातली कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तीही दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

पैशाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत रुग्णालयही आहे. तेथे खर्च कमी येतो. सकाळी लवकर जा, रांग असते.

दुखणे अंगावर काढून रोज वाचत नाही, उलट दोन जास्त बुडतात. आम्ही ते बुडवून शिकलो. तुम्ही वेळीच जा!