स्वस्तातला समुद्र, पण कुणाच्या जिवावर?

"परवडत नसेल तर रीफ टँक ठेवू नका, गप्पी ठेवा."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कुठल्या सुरात येणार हेही आधीच कळतं. दुकानदार म्हणतो, ज्याच्या घरी सहा फुटी टाकी आहे तो म्हणतो, आणि हापिसातला परवाच छंदाला लागलेला पोरगाही म्हणतो, कारण त्याने नुकताच क्रेडिट कार्डावर चिलर घेतलेला असतो आणि त्याचे अजून नऊ हप्ते बाकी असतात. मंडळी, आज शनिवार आहे, लाइट आहेत, तेव्हा या वाक्याशी जरा भांडून घेतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी, ज्यात माशांपेक्षा खडक आणि प्रवाळ महत्त्वाचे. पाण्याची क्षारता लिटरला साधारण ३५ ग्रॅम, तापमान २५ ते २७ अंश, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ७ ते ११ डीकेएच. हे आकडे सांभाळणं म्हणजे रीफ टँक. बाकी चकाकणारे डबे हे आकडे सांभाळायची साधनं आहेत. आणि आकडा कुठल्या डब्याने सांभाळला हे प्रवाळाला कळत नाही.

माझी टाकी दोनशे लिटरची. बदलापूर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत. बदलापूरचा उन्हाळा कसा असतो ते टीव्हीवाले दरवर्षी सांगतातच, मी काय वेगळं सांगू! इथे टाकी तापवायचा प्रश्नच नाही, सगळा खेळ थंड ठेवायचा आहे. दुकानाचं उत्तर चिलर. छोटा चिलरसुद्धा दीडशे-दोनशे वॉट खातो आणि टाकीतली उष्णता काढून कुठे टाकतो? त्याच दहा बाय बाराच्या खोलीत. मग खोली थंड करायला एसी. मग एसीचं बिल. आता बोला!

माठ कशाने थंड होतो हे आजीला माहीत होतं. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. दोनशे लिटरच्या टाकीतून एक लिटर उडालं तर बाकीचं पाणी जवळजवळ तीन अंश थंड व्हायला हवं, इतकी ती उष्णता आहे. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधले १२ व्होल्टचे दोन पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावले की माझ्याकडे दिवसाला दोन लिटर उडतात. म्हणजे चोवीस तास सरासरी ५५ वॉट उष्णता बाहेर, आणि पंखे खातात सगळे मिळून सहा वॉट. महिन्याला साडेचार युनिटसुद्धा नाही. दीडशे रुपयाच्या तापमान सेन्सरला आणि अर्दुइनोला जोडून २६ च्या वर गेलं की चालू, खाली आलं की बंद. चार ओळींचा कोड. रोज हापिसात चारशे ओळी लिहितो त्या कुणासाठी?

पंख्याला मर्यादा आहे, ती लपवत नाही. हवेत दमटपणा असेल तेव्हा पाणी उडत नाही. जूनचा पहिला आठवडा, पाऊस तोंडावर, घाम सुकत नाही, तेव्हा पंखाही लटकतो आणि टाकी २९ वर जाऊन बसते. त्या दहा दिवसांत मी दिव्यांचे तास निम्मे करतो आणि दुपारी खोलीचं दार बंद करून एसी लावतो. दहा दिवसांसाठी वर्षभर चिलर पोसायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता हे उडालेलं दोन लिटर पाणी भरून काढायचं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून भर गोड्या पाण्याची, तीही शुद्ध. घरच्या पिण्याच्या आरओतून काम होतं, पण त्यात टीडीएस कंट्रोलर नावाचा स्क्रू असतो जो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करा, मिनरलची कांडी असेल तर ती वगळा आणि शेवटी डीआय रेझिनची एक कांडी जोडा. मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. "मरीन स्पेशल" असं लेबल लावलेलं यंत्र वेगळं काही करत नाही.

आणि इथे माझा सगळ्यात आवडता भाग येतो. जर्मन हॉबीवाले ज्याला मोठ्या आदराने काल्कवासर म्हणतात, ती आपली सातवी-आठवीच्या विज्ञानातली चुन्याची निवळी! ज्यात नळीने फुंकर मारली की पाणी दुधाळ होतं, तीच. एक लिटर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं, त्याहून जास्त नाही, बाकीचा गाळ तळाला. वरची निवळी घ्यायची. माझ्या टाकीत एक लिटर निवळी गेली की अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचपेक्षा थोडी जास्त वाढते आणि कॅल्शियम चार पीपीएम. म्हणजे पंख्याने उडवलेलं पाणी भरताना कॅल्शियमचा डोस फुकटात. डोस द्यायला संगणकीकृत पंप हवा म्हणतात. मी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला. वीस थेंबांना एक मिली, सेकंदाला एक थेंब, साडेपाच तासांत एक लिटर. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून एकदम ओतायची नाही, आणि रात्री सोडायची, कारण रात्री टाकीचा पीएच तसाही घसरतो. पानवाल्याचा चुना मात्र नको, त्यात काय काय असतं ते पानवाल्यालाही ठाऊक नसतं. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. अर्धा किलोची बाटली माझ्यासारख्याला वर्ष काढते.

खप जास्त असेल तर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी प्रसिद्ध केलेली दोन द्रावणांची कृती आहे. एका गॅलनमध्ये ५०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात ५९४ ग्रॅम खाण्याचा सोडा, तो आधी ओव्हनमध्ये तासभर भाजलेला. माणसाने हे सगळं मोकळेपणाने मांडून ठेवलंय, आणि आपण तीच द्रावणं रंगीत बाटल्यांत घालून विकत घेतो.

उल्हासनगरबद्दल एक बोलायचंच आहे. तिथून काही आणलं म्हटलं की लोक हसतात, "मेड इन यूएसए, उल्हासनगर सिंधी असोसिएशन" वगैरे. हा विनोद आता पुरे. फाळणीत सगळं सिंधमध्ये सोडून आलेली माणसं कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींमध्ये उतरली, १९४९ साली त्या कॅम्पचं उल्हासनगर झालं, आणि त्या माणसांनी वस्तू उघडून, बघून, पुन्हा बनवून पोट भरलं. माझ्या टाकीचं स्टँड उल्हासनगरच्या फर्निचरवाल्याने केलंय. "किती वजन?" हा त्याचा पहिला प्रश्न होता. पाणी, काच, खडक धरून पावणेतीनशे किलो म्हटल्यावर त्याने माझं चित्र बाजूला ठेवलं आणि वजन प्लायवर न येता पायांवर कसं येईल ते काढून दाखवलं. शोरूममधल्या कॅबिनेटवाल्याने मला फक्त रंग विचारला होता. स्किमरची अ‍ॅक्रिलिक नळी अंबरनाथच्या एका वर्कशॉपात कापून, खाचून घेतली. तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागावर वाद घालणारी माणसं बसलेली आहेत. एलईडी, ड्रायव्हर, हीटसिंक लॅमिंग्टन रोडवर. एवढं सगळं एका लोकलच्या पासात येतं, आणि आपण ऑनलाइन डबा मागवून कुरिअरची वाट बघतो.

इथपर्यंत वाचून जे "वा, जुगाड!" म्हणतायत, आता त्यांची पाळी.

जुगाड या शब्दाचा मला राग आहे. ज्यात फेल झालं तर काय होईल याचा विचार नसतो, तो जुगाड. टाकीत पाणी भरायला कूलरचा फ्लोट लावला, तो थेट आरओच्या लाइनला जोडला, आणि हापिसला गेलात. फ्लोट अडकला की संध्याकाळी खालच्या काकू दारात आणि टाकीतले प्रवाळ गोड्या पाण्यात. तोच फ्लोट पाच लिटरच्या डब्यावर लावा. अडकला तरी सगळे पाच लिटर जाऊन क्षारता ३५ ची ३४ च्या आसपास येईल, कुणी मरणार नाही. खर्च तोच, फरक फक्त विचाराचा. हापिसात सर्व्हर पडला तर काय यावर तीन मीटिंगा घेणारे आपण, घरी असा विचार करत नाही.

मिठाचंही तेच. "मिठागराचं मीठ आणायचं, विरघळवायचं, झाला समुद्र." नाही होत! समुद्राचं पाणी आटताना आधी कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं. गोणीत भरलेलं असतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. मिठाच्या मिश्रणावर पैसे वाचवू नका. रिफ्रॅक्टोमीटर तपासायचं द्रावण मात्र घरी करा: ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ, ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी, वाचन ३५ आलं पाहिजे. बाथरूमचा बुरशीरोधक सिलिकॉन नको, पितळ आणि तांबं पाण्यात नको (तांबं म्हणजे शंख-कोळंबीला विष), आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नका. वीज गेली तर सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो, म्हणून पंप १२ किंवा २४ व्होल्टचा घ्या आणि थेट बॅटरीवर टाका. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पाण्याने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढलं होतं. आपल्या भागात पाऊस काय करू शकतो हे वेगळं सांगायला नको.

पण खरा राग यापैकी कशाचाच नाही. खरा राग लाइव्ह रॉकचा.

डब्यांवर पैसे उडवणारा आणि जुगाड करणारा, दोघेही एका जागी एकत्र येतात. "भाऊ, ओरिजिनल लाइव्ह रॉक आहे, समुद्रातून डायरेक्ट, किलोवर देतो." त्या वेळी दोघांनाही स्वस्त हवं असतं. हा दगड म्हणजे रीफचा तोडलेला तुकडा. २००१ साली सगळे खडकबांधणी करणारे प्रवाळ, म्हणजे झाडून सारे स्क्लेरॅक्टिनिया, तसेच काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये गेले. वाघ आहे त्या शेड्यूलमध्ये! शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. दुकानातल्या निळ्या दिव्याखाली फांदीसारखा डोलणारा तुकडा बघताना हे कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर विकणार काय?

"एवढ्याशा तुकड्याने काय होतंय" हे उत्तर तयारच असतं. २०२० साली मुंबईच्या कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ हलवायचे होते, तर वनखात्याची परवानगी घेऊन राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते नेव्ही नगरकडे नेऊन लावले. मुंबईच्या त्या गढूळ पाण्यातल्या प्रवाळांसाठी एवढा खटाटोप, आणि आपण बैठकीच्या शोभेसाठी किलोवर घेतो. २०२४ साली लक्षद्वीपचे प्रवाळ समुद्राच्या उष्णतेने मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचं सीएमएफआरआयने सांगितलं. ज्या प्राण्याला आपण घरी २६ अंशांवर ठेवायला धडपडतो, त्याला समुद्रातच ते मिळेनासं झालंय. अशा वेळी तिथून दगड फोडून आणणाऱ्याने "मला निसर्गाची आवड आहे" असं निदान माझ्यासमोर म्हणू नये.

मग दगड कुठून आणायचा? बनवायचा. पोल्ट्रीच्या खाद्याच्या दुकानात कालवांच्या शिंपल्यांचा चुरा मिळतो, कोंबड्यांना कॅल्शियम म्हणून देतात. साधा पोर्टलँड सिमेंट एक भाग, चुरा दोन-तीन भाग, आणि मूठ-मूठ खडा मीठ. हाताने ओबडधोबड गोळे करायचे, ओल्या वाळूत कमानी-बिळं पाडून त्यात थापायचे. पाण्यात ठेवल्यावर मीठ विरघळतं आणि छिद्रं राहतात, त्या छिद्रांत पुढे बॅक्टेरिया राहतात. तीस किलो दगडाचा खर्च माझ्या एका रविवारच्या हॉटेलच्या बिलाएवढा आला. त्यात लावायला दुसऱ्या हॉबीवाल्याच्या टाकीत वाढलेल्या मश्रूमचा, लेदरचा तुकडा मागून घ्या. सॉफ्ट कोरल २००१ च्या त्या यादीत नव्हते, आणि ते घरच्या टाकीत वाढतात, वाटता येतात. मासे हवे असतील तर आधी विचारा, समुद्रातला की हॅचरीतला? क्लाउनफिशची पैदास भारतात होते. ऐरोलीला हापिस असलेल्यांच्या तर अगदी शेजारी, किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात, मँग्रोव्ह फाउंडेशनने त्यावर काम केलंय. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर मासा पिशवीतच राहू द्या.

सिमेंटचा दगड लगेच टाकीत टाकू नका. सुरुवातीला पाण्याचा पीएच निवळीसारखा वर जातो. मोठ्या ड्रममध्ये बुडवून दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला, दीड-दोन महिने लागतात. आरओचं वाया जाणारं पाणी त्याला चालतं. पाणी बदलल्यावर तीन दिवसांनीही पीएच साडेआठच्या खाली राहिला की दगड तयार. त्यानंतर टाकीत ठेवून अमोनिया शून्यावर यायला आणखी चार-सहा आठवडे धरा. माझा दुसरा ड्रम सध्या बाल्कनीत आहे आणि पीएच अजून साडेनऊ दाखवतोय.