पंगतीतले वावडे

(तृतीय वर्ष, कला)

आपल्याकडे कुणाला जेवायला बोलावले की यजमान एक प्रश्न हटकून विचारतो, "उपास वगैरे नाही ना कुणाचा?" लग्न असो, मुंज असो वा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, उपासाची पाने किती हे आचाऱ्याला आधीच कळवले जाते. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी हे सारे वेगळ्या भांड्यांत शिजते आणि वेगळ्या पळीने वाढले जाते. जैन मित्र असतील तर कांदा, लसूण आणि कंदमुळे टाळून त्यांची ताटे निराळी होतात. पाचशे पानांच्या गर्दीतही हे बिनचूक पार पडते आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. मग मला प्रश्न पडतो तो असा की, देवासाठी सोडलेल्या पदार्थाची इतकी काळजी घेणारे आपण, देहासाठी सोडलेल्या पदार्थाची थट्टा का करतो?

हा प्रश्न मला पुस्तके वाचून पडलेला नाही. तो माझ्या स्वतःच्या चुकीतून पडला आहे.

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या संमेलनाच्या भोजन समितीत मी होतो. त्या दिवशी संकष्टी होती. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, जिलेबी आणि मठ्ठा असा बेत होता. पंगत बसली. मी कोशिंबीर वाढत असताना प्रथम वर्षाच्या एका मुलीने विचारले, "दादा, यात दाण्याचे कूट आहे का? मला दाणे चालत नाहीत." मागून कोणीतरी म्हणाले, "खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी!" सगळे हसले, मीही हसलो. आणि कोशिंबिरीकडे नीट न पाहताच म्हणालो, "नाही ग, जेव बिनधास्त."

कूट होते. कोशिंबीर उपासाच्या पानांनाही चालावी म्हणून आचाऱ्याने मोहरी-हिंगाची फोडणी टाळली होती, तूप-जिऱ्याची दिली होती आणि दाण्याचे कूट सढळ हाताने घातले होते. म्हणजे एका पथ्याची काळजी घेताना दुसऱ्या पथ्यावर विष कालवले गेले, आणि ते वाढणारा हात माझा होता.

दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले. अंगावर गांधी उठल्या. जवळच्या एका बाईंनी मायेने सांगितले, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा." आम्ही आमसुले शोधायला धावलो. त्यात जी पाच-सात मिनिटे गेली ती मला आजही आठवतात. तिचा आवाज घोगरा झाला, श्वास लागू लागला, तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांनी तिला सरळ रिक्षात घातले. इस्पितळात मांडीत ॲड्रेनलीनचे इंजेक्शन दिले गेले आणि ती वाचली. असा झटका काही तासांनी पुन्हा येऊ शकतो, म्हणून रात्रभर तिला तेथेच ठेवले होते. बाहेरच्या बाकावर बसून मी एकच शब्द आठवत होतो: माझे ते "नाही".

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी जुना शब्द आहे, 'वावडे'. एखाद्याच्या प्रकृतीला जे मानवत नाही ते त्याचे वावडे. पण पुढे आपण हा शब्द नावडीसाठी वापरू लागलो. कुणाला अभ्यासाचे वावडे, कुणाला शिस्तीचे. त्यामुळे एखाद्याने खरोखरीचे वावडे सांगितले तरी आपल्याला ती नावडच वाटते, आणि नावड आग्रहाने मोडता येते अशी आपली पिढीजात समजूत आहे. "एक घास खाऊन काय होतंय?" हे वाक्य कोणत्या पंगतीत ऐकू येत नाही?

एका घासाने काय होते, ते माणसागणिक वेगळे आहे. आणि तेच समजून घ्यायला हवे. ज्याला दूध पचत नाही त्याचे पोट बिघडेल, त्रास होईल, पण जीवावर बेतणार नाही. ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्याची गोष्ट निराळी. त्याचे शरीर दुधातील प्रथिनांनाच शत्रू मानते आणि चमचाभर मठ्ठाही त्याला महागात पडू शकतो. सीलिॲक नावाच्या विकारात गहू आणि जव यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते. असा माणूस पुरी बाजूला ठेवतो आणि वरणभात निर्धास्तपणे खातो. पण बाजारच्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो आणि तो फोडणीतून वरणात उतरतो, हे वाढणाऱ्याच्या गावीही नसते. मधुमेह्याला जिलेबीचा आग्रह नको, हे तरी आपल्याला ठाऊक आहे. पण जो इन्सुलिन टोचून आला आहे, त्याला जेवण वेळेवर मिळणे हेच मोठे पथ्य असते. पाहुण्यांची भाषणे लांबली आणि बाराची पंगत तीनला बसली, तर साखर उतरून त्याला भोवळ येईल, हा विचार आपल्या कार्यक्रमपत्रिकेत कुठे असतो?

आपल्या मराठी स्वयंपाकात तर दाण्याला लपायला जागाच जागा आहेत. भरली वांगी, कोशिंबीर, चटणी, आमटी, खिचडी. कूट कुठे नाही? हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाची आवड वाढली आहे. चांगलेच आहे, पण शुद्धीकरण न केलेल्या शेंगदाणा तेलात दाण्यातील प्रथिनांचा अंश राहतो. ज्याला दाणे चालत नाहीत त्याने "मग उपासाचे घे" असा सल्ला ऐकला, तर तो आगीतून फुफाट्यात पडेल.

हा केवळ आपल्या घरचा प्रश्न नाही. २०१६ साली नताशा एदनान-लापरूझ या पंधरा वर्षांच्या मुलीने लंडनच्या विमानतळावर पाव घेतला. त्याच्या पिठातच तीळ भाजले गेले होते. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. विमानात तिला झटका आला. जवळची ॲड्रेनलीनची इंजेक्शने देऊनही ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, आणि दुकानातच बांधून विकायला ठेवलेल्या खाद्यपदार्थांवर सर्व घटक लिहिण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून तेथे लागू झाला. आपल्याकडेही २०२० च्या नियमांनुसार बंद पाकिटावर गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन अशा घटकांची सूचना द्यावी लागते. परंतु आचाऱ्याच्या पातेल्याला वेष्टन नसते. तेथे वाढणाऱ्याचे तोंड हेच वेष्टन. आणि ते खोटे बोलले की काय होते, ते मी पाहिले आहे.

कोणी म्हणेल, "पाचशे माणसांत एकेकाचे कोण पाहणार?" मी म्हणतो, उपासाचे कोण पाहते? तेच पाहतील. निमंत्रणाच्या वेळी जसे उपासाचे विचारतो, तसेच "काय वर्ज्य आहे?" हेही विचारावे. प्रत्येक पातेल्यापाशी एक पाटी असावी: "यात दाणे आहेत", "यात गहू आहे". कूट कालवण्याऐवजी वाटीत वेगळे ठेवावे. हवे तो घेईल. वावडे असलेल्यांना पळ्या आणि झारे एकमेकांत मिसळण्यापूर्वी प्रथम वाढावे. कारण मासे किंवा दाणे तळलेल्या तेलातली पुरी आणि कोशिंबिरीत बुडालेली पळी हीदेखील तेवढीच घातक. श्वास अडू लागला तर घरगुती उपाय करीत न बसता १०८ ला दूरध्वनी करावा. ते काम एकाच्या अंगावर आधीच सोपवलेले असावे. यातले काहीही खर्चाचे नाही.

दुसरेही कोणी म्हणेल, "पूर्वी कुठे होती ही थेरं?" पूर्वीही असतीलच. नाहीतर 'वावडे' हा शब्द भाषेत कशाला आला असता?

मात्र जबाबदारी एकट्या यजमानाची नाही. ज्याला वावडे आहे त्याने संकोच सोडून आधी सांगावे. आणि ज्यांना वांगे नुसते आवडत नाही त्यांनी "मला वांग्याची ॲलर्जी आहे" असे म्हणणे बंद करावे. त्यांच्या या लटक्या सबबीमुळे खऱ्या माणसावरचा विश्वास उडतो.

त्या मुलीला मी नंतर भेटलो आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "दादा, तुम्ही माहीत नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. मी कोशिंबीर सोडून जेवले असते."

वाढप्याला शिकवायचे ते एवढेच. आग्रह ही आपली जुनी रीत आहे, ती टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. पण आग्रह करण्यापूर्वी विचारावे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर "माहीत नाही, आचाऱ्यांना विचारून येतो" असे म्हणून खरोखर विचारून यावे. पुढच्या संमेलनात भोजन समितीत जे जातील त्यांना माझे हेच सांगणे आहे. पंगतीत बसलेला माणूस आपल्या भरवशावर घास उचलत असतो.