माय-बापपण आणि न्याय : रायपूर परिसरातील चर्चविषयी काही विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला छत्तीसगड अगदीच परका नाही. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात, एका अपरिचित गोऱ्या सहप्रवाशाकडून. तेथून रायपूर जवळच. परंतु रायपूर परिसरातील ख्रिस्ती समाज आपल्या अभ्यासाच्या कक्षेत क्वचितच येतो. चर्चने सामाजिक न्यायासाठी काय करावे, या प्रश्नाचा विचार मात्र त्याला वगळून करता येणार नाही.

१८६८ साली ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी रायपूर जिल्ह्यात आले व सतनामी समाजात काम करू लागले. गुरू घासीदासांच्या या पंथाने मूर्तिपूजा आणि जातिभेद आधीच नाकारले होते. तेव्हा सारा समाजच येशूकडे वळेल, अशी लोर यांची अपेक्षा होती. ती फळास आली नाही. जे थोडे आले, त्यांच्यासाठी बलौदाबाजारकडील भागात बिश्रामपूर हे गाव वसले आणि मिशन स्वतःच तेथील मालगुजार झाले. सौरभ दुबे यांनी सतनामींच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात (१९९८) या व्यवस्थेचे मार्मिक विवेचन केले आहे. जो बाप्तिस्मा देई, तोच जमीन कसावयास देई, शाळा चालवी, औषध देई आणि आचाराचे नियमही घालून देई. ज्यांनी गावच्या सवर्ण मालगुजाराचा जाच सोसला होता, त्यांना नवा मालगुजार दयाळू वाटला असेल. परंतु कूळ ते कूळच राहिले. दया आणि न्याय यांतील अंतर दाखविण्यास याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये.

पुढील काळात हा प्रश्न मागेच पडला. भवानीशंकर नियोगी समितीचा अहवाल (१९५६), मध्य प्रदेशाचा धर्मस्वातंत्र्य अधिनियम (१९६८) आणि बलौदाबाजारच्या न्यायालयातून निघून १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली लागलेला रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांचा खटला, या सर्वांत चर्चा झाली ती धर्मांतराची. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय झाला. एका पक्षाने डोकी मोजली, दुसऱ्याने त्या मोजणीस हरकत घेतली. ज्यांची डोकी मोजली गेली, त्यांच्या जमिनीचे व जातीचे काय, हे कोणी विचारले नाही. दोन्ही पक्षांना आम्ही एकाच तराजूत घालीत नाही. कायद्याचा बडगा बहुधा दुबळ्याच्याच पाठीवर बसतो.

टिळकांना या दुखण्याची जाण होती. मिशनऱ्यांनी माय-बापपण सोडून बंधुत्वाने वागावे, असा त्यांचा आग्रह होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या भक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांतच ते निवर्तले. दरबार टिकला नाही. तथापि देणारा आणि घेणारा ही जोडीच मोडण्याचा तो विचार होता, असे आम्हांस वाटते. धमतरी-तिल्दा येथील मिशन रुग्णालयांनी केलेली सेवा मोठीच आहे. परंतु १९८३ साली दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून उभारलेल्या शहीद रुग्णालयात रुग्ण हाच मालक होता. चर्चने हा धडा कामगारांकडून घेण्यास संकोच करू नये.

आता दोन प्रश्न तातडीचे आहेत. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना मात्र नाही. दुसरा प्रश्न मृतांचा. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमधील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा देह सुमारे वीस दिवस शवागारात पडून होता. गावात पुरू द्यावे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही आणि अखेर दफन कित्येक किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत करावे लागले.

या दोन्ही लढ्यांत रायपूरच्या चर्चमंडळांनी उभे राहावे, यात शंका नाही. परंतु त्यांनी आपल्या घरातही पाहावे. तमिळनाडूत तिरुचिरापल्ली येथील कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत होती, आणि ती कोणत्याही सरकारने बांधलेली नव्हती.