लहान पडद्याची अवहेलना

भारतातील बहुसंख्य लोकांची इंटरनेटशी पहिली भेट झाली ती मोबाइलच्या पडद्यावर, आणि पुष्कळांच्या बाबतीत तोच पडदा शेवटचाही आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार मार्च २०२४ अखेर देशात सुमारे ९५ कोटी इंटरनेट जोडण्या होत्या. त्यांपैकी तारेने पोचलेल्या जोडण्या जेमतेम ४ कोटी; बाकीच्या बिनतारी, म्हणजे प्रामुख्याने मोबाइलच्या. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) संगणक असलेली कुटुंबे अवघी १०.७ टक्के आढळली. ग्रामीण भागात तर ४.४ टक्केच. असे असूनही प्रयोगशाळेची उपकरणे विकणारे, पाठ्यपुस्तके छापणारे, शिकवणी वर्ग चालवणारे आणि प्रवेश देणाऱ्या खासगी संस्था चालवणारे कितीतरी व्यावसायिक आपले संकेतस्थळ आजही टेबलावरच्या संगणकासाठीच बांधतात. आपण ग्राहकांची निवड करत आहोत आणि ती संपत्तीच्या निकषावर करत आहोत, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

यामागचे गणित शाळकरी आहे. पडद्याच्या रुंदीविषयी पानात कोणतीही सूचना नसेल, तर मोबाइलचा ब्राउझर ते पान साधारणतः ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरतो आणि तेवढे सारे लहान पडद्यावर कोंबतो. सामान्य फोनची रुंदी सीएसएसच्या मापात ३६० पिक्सेलच्या आसपास असते. म्हणजे १६ पिक्सेलचे सुवाच्य अक्षर ६ पिक्सेलपर्यंत आक्रसते. मग वाचणारा बोटांनी पान ताणतो, डावीउजवीकडे सरकवतो, चुकीच्या दुव्यावर बोट पडते आणि अर्धा भरलेला अर्ज पुसला जातो. शिष्यवृत्तीची अखेरची तारीख असेल, तर या आक्रसलेल्या अक्षरांची किंमत एका शैक्षणिक वर्षाएवढी होऊ शकते.

यावरचा उपाय नवा नाही. इथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेची कल्पना मांडली, तेव्हाच तिची तीन अंगे स्पष्ट केली होती: ठरावीक मापांऐवजी प्रमाणांवर बेतलेली चौकट, जागेनुसार आकार बदलणारी चित्रे, आणि पडद्याची रुंदी तपासून मांडणी बदलणारे नियम. पान एकच राहते. त्याची मांडणी तेवढी पडद्यागणिक बदलते. मोबाइलसाठी निराळे संकेतस्थळ सांभाळण्याचा दुहेरी खर्च टळतो आणि एकीकडे सुधारलेली किंमत दुसरीकडे जुनीच राहण्याचा घोळही टळतो. ही कल्पना मांडली गेली त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले एव्हाना पदवीच्या वर्गापर्यंत पोचून गेली आहेत. एवढ्या काळानंतर ‘अजून विचार चालू आहे’ हे उत्तर निव्वळ आळसाचे ठरते.

‘आमचे ॲप आहे की!’ हा नेहमीचा बचाव. त्याची परीक्षा भारतातच होऊन गेली आहे. २०१५ मध्ये फ्लिपकार्टने आपले मोबाइल संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना ॲपकडे वळवले. तिच्याच मालकीच्या मिंत्राने त्याच वर्षी मे महिन्यात संगणकावरील संकेतस्थळही बंद केले. दोघींनाही पाऊल मागे घ्यावे लागले. फ्लिपकार्ट त्याच वर्षाच्या अखेरीस हलक्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ‘फ्लिपकार्ट लाइट’सह परतली आणि मिंत्राचे संकेतस्थळ जून २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. गूगलने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार फ्लिपकार्टच्या या नव्या रूपात ग्राहक पूर्वीच्या तिप्पट वेळ रेंगाळू लागले आणि ॲपच्या तुलनेत डेटा एकतृतीयांशच लागू लागला. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे पेलले नाही, ते तालुक्याच्या गावातील पुस्तक विक्रेत्याला पेलेल, असे मानण्यास आधार नाही. एकदाच लागणाऱ्या माहितीसाठी फोनमधली जागा अडवणारे ॲप कोण उतरवून घेणार?

‘आमचे गिऱ्हाईक संगणकावरूनच येते’ हा दुसरा बचाव तर्कदुष्ट आहे. ज्यांना दारातूनच परतावे लागले, त्यांची नोंद विक्रीच्या वहीत होत नाही. उरलेल्यांची मोजदाद करून काढलेला निष्कर्ष म्हणजे नमुना निवडीतला दोष. शिवाय गूगल आता संकेतस्थळाची नोंद त्याच्या मोबाइल रूपावरूनच घेते. जे पान मोबाइलवर उघडतच नाही, ते जुलै २०२४ पासून तिच्या शोधसूचीस मुकते; मग संगणकावरून शोधणाऱ्यालाही ते सापडत नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. विस्तीर्ण तक्ते, आराखड्यांची कामे, विदेचे विश्लेषण यांना मोठा पडदा लागतोच. परंतु उपकरणाची किंमत पाहणे, चौकशी करणे, अर्ज भरणे, शुल्क देणे यांना तो लागत नाही. आणि व्यवसाय चालतो तो याच कामांवर. किंमतपत्रकाचे कागद स्कॅन करून पीडीएफ चढवणे हा तर दुहेरी दोष: त्यातील अक्षरे पडद्यानुसार वळत नाहीत आणि दृष्टिहीनांच्या वाचक-प्रणालीला ती दिसतही नाहीत.

हा मुद्दा केवळ सौजन्याचा नाही. वेब सुगम्यतेच्या जागतिक निकषांनुसार (२०१८) मजकूर ३२० पिक्सेल रुंदीतही आडवा न सरकवता वाचता यायला हवा. ही संख्या आली कुठून? १२८० पिक्सेलचा पडदा चौपट मोठा केला की रुंदी उरते ती ३२०. म्हणजे अंधूक दिसणाऱ्या वृद्धाची गरज आणि स्वस्त फोन वापरणाऱ्या विद्यार्थ्याची गरज एकाच मापात बसते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंतची पोच ही संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानली आहे. त्या प्रकाशात पाहिले, तर लहान पडद्याची अवहेलना ही माणसांची अवहेलना ठरते.

केवळ मांडणी वळवून भागणार नाही, हेही खरे. पाच मेगाबाइटचे छायाचित्र लहान करून दाखवले तरी उतरते ते पाच मेगाबाइटच. म्हणून चित्रेही पडद्याच्या मापाची पाठवावी लागतात आणि अनावश्यक स्क्रिप्टचा भार कमी करावा लागतो, कारण स्वस्त फोनचा प्रोसेसर त्याखाली धापा टाकतो.

प्रत्येक व्यावसायिकाने एक साधा प्रयोग करावा. बाजारातला स्वस्तात स्वस्त फोन घ्यावा, वाय-फाय बंद करावे, आणि आपल्याच संकेतस्थळावर एका हाताने एक मागणी नोंदवून पाहावी. ती पूर्ण झाली नाही, तर ग्राहक का येत नाहीत याचे उत्तर शोधायला सल्लागार नेमण्याची गरज नाही. आणि उद्या ही संकेतस्थळे बांधणार असलेल्या आजच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग आपल्या पहिल्याच प्रकल्पावर करावा.