देवळालीचा आमदार आणि आपली वाचनपद्धती

इंग्रजी भाषेने देवळालीला एका शब्दात कायमचे कोंडून ठेवले आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने खितपत पडलेल्या गोऱ्या शिपायांच्या बोलीतून 'डूलाली' हा शब्द निघाला आणि कोशांत वेडसरपणाचा समानार्थी होऊन बसला. मराठी साहित्याने मात्र या गावाची एवढीही दखल घेतलेली दिसत नाही. देवळाली कॅम्प म्हटले की आपल्याला आठवतात ती आरोग्यधामे, तोफखाना आणि कोरडी हवा. इथे मतदारही राहतात, ही गोष्ट दर पाच वर्षांनी वर्तमानपत्रेच तेवढी सांगतात, आणि तीही एका तक्त्यात.

त्या तक्त्यानुसार, अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या देवळाली मतदारसंघातून शिवसेनेचे बबनराव घोलप १९९०, १९९५, १९९९, २००४ आणि २००९ असे सलग पाच वेळा निवडून आले. २०१४ साली त्यांचे चिरंजीव योगेश घोलप विजयी झाले. २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या सरोज अहिरे यांनी योगेश यांचा चाळीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला आणि २०२४ मध्ये त्यांनी ही जागा पुन्हा राखली. तक्ता इथे संपतो. राजकारणाविषयी बोलताना आपण साहित्याचे लोकही बहुधा इथेच थांबतो. फार तर 'बालेकिल्ला', 'घराणेशाही' आणि 'परिवर्तन' असे तीन शब्द समासात लिहून ठेवतो. माझी तक्रार आहे ती या समासलेखनाविषयी.

पहिल्या ओळीपासूनच पाहू. १९९० हे साल साधे नव्हते. नाशिक ही काळाराम मंदिर सत्याग्रहाची भूमी. १९३० साली सुरू झालेल्या त्या लढ्याचे धुरीण दादासाहेब गायकवाड १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई कायदेमंडळात गेले आणि पुढे १९५७ मध्ये नाशिकचे खासदार झाले. त्याच नाशिकच्या कुशीतील राखीव जागा १९९० मध्ये शिवसेनेने जिंकली. हीच शिवसेना दोन वर्षांपूर्वी 'रिडल्स' प्रकरणात आंबेडकरी जनतेच्या समोर उभी ठाकली होती. नामांतराचा प्रश्न अजून धुमसत होता. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती देणारी दुरुस्ती संसदेने केली तीही १९९० सालीच. शिवसेना-भाजपने राखीव जागांवर बौद्धेतर दलित जातींतील कार्यकर्ते पुढे आणले, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. घोलप हे चर्मकार समाजाच्या संघटनेचे नेते होते, हा तपशील त्यामुळे गौण ठरत नाही. एका विजयामागे एवढे सगळे उभे असताना तक्ता म्हणतो, 'शिवसेना, विजयी'.

राखीव जागेचा आमदार नेमका कोणाचा प्रतिनिधी असतो? १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघांऐवजी राखीव जागा दिल्या आणि निवडून देण्याचा अधिकार सर्वांच्या हाती ठेवला. उमेदवार दलित, पण त्याचे भवितव्य मुख्यतः सवर्ण मतदारांच्या पसंतीवर अवलंबून! देवळालीसारख्या ठिकाणी तर त्याला भगूरची बाजारपेठ, आसपासची शेतकरी गावे आणि छावणीतील बहुभाषी वस्ती हे सारे एकाच वेळी सांभाळावे लागते. त्यातही छावणी हे निराळेच प्रकरण आहे. कॅन्टोन्मेंट बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी आणि बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. घराच्या बांधकामाची परवानगी राज्याचा आमदार देऊ शकत नाही. बोर्डाची शेवटची निवडणूक २०१५ साली झाली. २०२३ ची जाहीर होऊन रद्द झाली. असे असता कॅम्पातला माणूस गाऱ्हाणे घेऊन जाणार कोणाकडे? अधिकार असो वा नसो, आमदाराकडेच. मते मागायला दारात आलेला, त्याच्या परिचयाचा तोच एक सत्ताधारी असतो. आमदारकीचे हे रोजचे रूप आपल्या कादंबरीने फारसे पाहिलेले नाही. अरुण साधूंनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'मधून मंत्रालय दाखवले. रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट'ने ग्रामीण सत्ताकारणाचा विस्तीर्ण पट मांडला. परंतु राखीव मतदारसंघातील आमदार, ज्याला आपल्या माणसांनाही उत्तर द्यायचे असते आणि ज्यांच्या मतांवर तो निवडून येतो त्यांनाही, तो नायक म्हणून अथवा खलनायक म्हणूनही आपल्याकडे कितीसा आला?

खलनायकाचा उल्लेख मी जाणीवपूर्वक केला आहे. घोलप युती सरकारात समाजकल्याणमंत्री होते. अण्णा हजारे यांनी त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप केले, घोलपांनी बदनामीचा खटला भरला आणि १९९८ मध्ये हजारे यांनाच तीन महिन्यांची शिक्षा झाली. जनक्षोभ उसळल्यावर त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली. १९९९ मध्ये घोलपांना मंत्रिपद सोडावे लागले. त्याच वर्षी, काही महिन्यांतच, देवळालीने त्यांना पुन्हा निवडून दिले. पुढे मार्च २०१४ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात त्यांना आणि त्यांच्या पत्नीला दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा सुनावली. शिर्डीची जाहीर झालेली लोकसभेची उमेदवारी सदाशिव लोखंडे यांच्याकडे गेली. आणि त्याच वर्षीच्या शरदात देवळालीने त्यांच्या मुलाला विधानसभेत पाठवले.

आपल्या वर्तुळात यावर जी प्रतिक्रिया हमखास ऐकू येते ती अशी : लोकांना कशाचेच काही नाही. मला ही प्रतिक्रिया आळशी वाटते, आणि थोडी उद्दामही. साखर कारखान्यांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या सम्राटांवर आरोप झाले तरी ते वर्षानुवर्षे निवडून येतात. तेव्हा आपण 'पकड', 'जाळे', 'मुत्सद्देगिरी' हे शब्द वापरतो. राखीव जागेचा आमदार निवडून आला की तेवढा मतदार अडाणी ठरतो. हा शब्दभेद जातीवाचून घडतो, असे मला तरी म्हणवत नाही.

तथापि, मतदाराला सोवळ्यात बसवण्याचीही माझी इच्छा नाही. आरोपांची वार्ता देवळालीत पोचली नव्हती, असे कोणी मानणार नाही. ती पोचली, तोलली गेली आणि दुसऱ्या पारड्यात काहीतरी अधिक जड ठरले. ते काय होते? पक्षनिष्ठा, जात, अडीअडचणीला धावून आलेला माणूस, की समोर बरा पर्यायच नव्हता? निकालाच्या आकड्यांत याचे उत्तर नाही. ते लोकांच्या बोलण्यात असते. त्या चुकलेल्या तोलाची किंमत, तो चुकलाच असेल तर, सर्वाधिक त्यांनीच मोजली ज्यांच्यासाठी समाजकल्याण खाते असते. ही बाजू सोडून घोलपांच्या पाच विजयांचे कौतुक करणे मला शक्य नाही.

२०१९ च्या निकालाला 'परिवर्तन' म्हणतानाही जरा जपून. सरोज अहिरे याही माजी आमदार बाबुलाल अहिरे यांच्या कन्या. भाजपच्या नगरसेविका असलेल्या अहिरे निवडणुकीच्या तोंडावर राष्ट्रवादीत आल्या होत्या. वारस विरुद्ध वारस अशीच ही लढत होती. डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचे बाळ घेऊन त्या नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा त्या छायाचित्राने महाराष्ट्र हेलावला. पुढच्याच अधिवेशनात विधानभवनातील हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. छायाचित्र सर्वांच्या स्मरणात आहे, तक्रार फार थोड्यांच्या. २०२४ मध्ये तर महायुतीतल्या त्यांच्याच मित्रपक्षाने, शिंदे यांच्या शिवसेनेने, ऐनवेळी विमानाने एबी फॉर्म धाडून राजश्री अहिरराव यांना त्यांच्यासमोर उभे केले. योगेश घोलप ठाकरे यांच्या पक्षाकडून लढले, तर त्यांचे वडील त्याआधीच एप्रिलमध्ये शिंदे यांच्याकडे गेले होते. बाप एका सेनेत, मुलगा दुसऱ्या सेनेत! एवढे कथानक एखाद्या नवोदित लेखकाने रचले असते, तर संपादकाने 'अतिरंजित' म्हणून साभार परत पाठवले असते.

नाशिक परिसरातील मराठीच्या प्राध्यापकांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. प्रकल्पासाठी त्याच त्या कवींची काव्यवैशिष्ट्ये देण्याऐवजी दोन विद्यार्थ्यांना लॅम रोडवर आणि दोघांना भगूरमध्ये पाठवावे. १९९० मध्ये पहिल्यांदा मत दिलेली माणसे आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. १९९९ मध्ये मत देताना त्यांच्या मनात काय होते, हे त्यांना त्यांच्याच शब्दांत सांगू द्यावे आणि ते शब्द न सुधारता उतरवून घ्यावेत.