टायपिस्टांनी पोसलेलं युनिक्स

आमच्या धंद्यात एक उतरंड आहे. वर कर्नल, कंपायलरवाले 'खरे' इंजिनिअर आणि पार तळाला डॉक्युमेंटेशन. "ते काय, टायपिंग आहे. नवीन पोरीला द्या." हे वाक्य मी मीटिंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही. येतो, खोटं कशाला बोला! गंमत म्हणजे असं बोलणारे बहुतेक युनिक्सचे भक्त असतात. तर मंडळी, भक्तांसाठी थोडा इतिहास.

१९६१ साली एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस दाखवली. अगडबंब आयबीएम मशीन एकच, पण प्रोसेसरचा वेळ असा वाटायचा की प्रत्येकाला ते आपलंच वाटावं. १९६४ मध्ये जेरोम सॉल्ट्झर या पीएचडीच्या विद्यार्थ्याने त्यावर काय लिहिलं? टिपसेट आणि रनऑफ. पहिल्यात मजकूर टाइप करायचा, दुसऱ्याने तो पानावर नीट बसवायचा. साहेबांना स्वतःच्या प्रबंधाचा प्रस्ताव छापायचा होता ना! ओळीच्या आरंभी टिंब देऊन हुकूम लिहायचा: ही ओळ मधोमध घे, इथे जागा सोड. एक परिच्छेद बदलला म्हणून सगळी पानं परत बडवायला नकोत.

पुढे बेल लॅब्स. १९६९ मध्ये ही कंपनी मल्टिक्समधून बाहेर पडली आणि थॉम्प्सन-रिची कंपूला ऑपरेटिंग सिस्टीमसाठी नवं मशीन द्यायला वरचे तयार होईनात. १९७० मध्ये शक्कल निघाली. मशीन मागायचं, पण मजकूर लिहिण्या-छापण्याच्या सिस्टीमसाठी! पीडीपी-११ आलं. रनऑफच्याच वंशातला रॉफ त्यावर चढला आणि १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट विभागाचे तीन टायपिस्ट दिवसभर त्यावर पेटंटचे अर्ज टाइप करू लागले. मेमरी २४ किलोबाइट, डिस्क अर्ध्या मेगाबाइटची, मेमरी प्रोटेक्शन शून्य. त्याच मशीनवर ही मंडळी आपले प्रयोग करत होती. एखादा नवा प्रोग्रॅम गंडला की सगळं मशीन आडवं, टायपिस्टांच्या कामासकट. ज्या युनिक्सची आपण आरती करतो, त्याचं मशीन 'टायपिंग'च्या नावावर आलेलं आहे राव.

कोणी म्हणेल, ती पैसे काढायची युक्ती होती. असेल. पण मग थॉम्प्सन आणि रिचीने नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सचं मॅन्युअल का लिहिलं? कोणा फ्रेशरच्या गळ्यात नाही मारलं. त्यात आपल्याच प्रोग्रॅममधल्या खोडी सांगायला 'बग्ज' असा वेगळा रकाना ठेवला. आपल्याकडे असला रकाना कोण ठेवून देईल? क्लायंटला कळलं तर!

विश्वास नसेल तर लिनक्सवरच्या एखाद्या मॅन पेजची कच्ची फाइल उघडा. ओळींच्या आरंभी तेच टिंब दिसेल. मग आपल्या गेल्या प्रोजेक्टची रीडमी उघडा. लिहिली असलीत तर.