ओसरीवरून : आधीं भरण्याचें बूच

वाचकहो, या सदरांत आजवर मी घर, देवघर आणि मुलांचा अभ्यास यांविषयींच लिहीत आलों आहें. आज मोटारीखालीं शिरावयाचें आहे. साठी उलटलेल्या संस्कृतच्या मास्तरानें गिअरबॉक्सावर लिहावें, याचें कित्येकांस हसूं येईल. परंतु या हकीकतींत लोखंडापेक्षां माणसांचा संबंध अधिक आहे. आणि त्यांतील मुख्य चूक माझी असल्यामुळें ती मींच सांगणें योग्य.

आमच्या घरीं कैलासवासी दादांनीं १९८६ सालीं घेतलेली एक प्रीमियर पद्मिनी आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार झाली. ही जात निघणें बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. आमची मात्र वडीलधाऱ्या माणसाप्रमाणें अजून ओसरीसमोर उभी असते, आणि वहिनींना दुसऱ्या गाडींत बसून जाणें रुचत नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत वहिनींनीं माहेरीं, वाईस, जाण्याचें ठरविलें. त्यापूर्वीं गिअरबॉक्साचें ऑइल बदलावें असें माझ्या पुतण्याच्या मनांत आलें. मुलगा उत्साही. जुन्या मिस्त्रीला न बोलावतां तो स्वतःच गाडीखालीं शिरला, तळाचें बूच काढलें आणि काळेंभोर ऑइल घमेल्यांत सोडून दिलें. मग नवें ऑइल घालण्यासाठीं त्यानें बाजूच्या बुचाला पाना लावला. तें हलेना. जोर केला, तेव्हां पाना निसटून बुचाचे कोनच झिजले. पेटी रिकामी, भरण्याची वाट बंद; गाडी जागची हलविण्याची सोय उरली नाहीं.

घामाघूम होऊन तो बाहेर आला आणि म्हणाला, "काका, हें त्या मिस्त्रीचें काम! दर वेळीं गाडी आपल्याकडेच यावी म्हणून मुद्दाम आवळून ठेवलें आहे." इतकें बोलूनच तो थांबला नाहीं. त्यानें मिस्त्रीला फोन लावला आणि सर्वांसमक्ष नाहीं नाहीं तें ऐकविलें.

मी झोपाळ्यावर बसून हें ऐकत होतों आणि गप्प राहिलों. कारण मला ठाऊक होतें. दादा गेले त्या वर्षीं त्या बुचापाशीं ऑइल पाझरत असे. मिस्त्री गांवीं गेला होता. मीं स्वतः गाडीखालीं शिरून, पान्याच्या दांड्यांत नळाचा तुकडा अडकवून, अंगांतील सर्व जोर लावून तें आवळलें होतें. जुना वायसर बदलावा, एवढेंही मला सुचलें नव्हतें. पाझर थांबला म्हणून मी त्या वेळीं स्वतःवर खूष झालों होतों.

रात्रभर झोंप लागली नाहीं. ज्या माणसानें दादांना अखेरच्या दुखण्यांत मध्यरात्रीं इस्पितळांत पोंचविलें, त्याच्यावर माझ्या देखत खोटा आळ आला आणि माझी जीभ उचलली नाहीं! पहांटे उठलों, पुतण्याला जागें केलें आणि सर्व सांगितलें. तो कांहीं वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, कालच कां नाहीं सांगितलें?" या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं दोघे मिळून मिस्त्रीच्या घरीं गेलों.

मिस्त्री आला. त्यानें जें केलें तें मीं जवळ बसून पाहिलें, आणि मला आपल्या राजनीतीच्या चार उपायांची आठवण झाली.

पहिला साम. गाडी सपाट जागीं घेऊन चाकांना अडसर लावले. जॅकच्या भरंवशावर कोणींही गाडीखालीं शिरूं नये. भक्कम स्टँडांवरच ती टेकवावी, विटांवर कदापि नव्हे. मग तारेच्या ब्रशानें बुचाभोंवतींची माती व गंज काढून, गंज सोडविणारें पातळ ऑइल सांध्यांत सोडलें.

दुसरा दान. येथें दान द्यावयाचें तें वेळेचें. तें ऑइल आट्यांत मुरण्यास एक रात्र दिली आणि मधून मधून हातोडीनें बुचावर हलके ठोके दिले. ठोक्यांनीं गंजाची पकड ढिली होते. मात्र ते पेटीवर पडूं नयेत, नाहींतर तिला तडा जाण्याचें भय.

तिसरा भेद. पेटी ॲल्युमिनियमची आणि बूच पोलादाचें असलें, तर दोघांत फूट पाडतां येते. सारख्याच उष्णतेनें ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. म्हणून ऊब बुचाला न देतां त्याच्या भोंवतालच्या भागास दिली, म्हणजे भोंक रुंदावतें आणि बूच मोकळें होतें. ही ऊब गरम हवेच्या यंत्रानें द्यावी. जेथें पेट्रोलची नळी आणि सांडलेलें ऑइल आहे तेथें ज्योत नेणें म्हणजे घरास आग लावणें होय.

शेवटीं दंड. कोन झिजले असल्यामुळें मिस्त्रीनें किंचित् लहान मापाचा, सहा कोनांचा सॉकेट हातोडीनें ठोकून बुचावर घट्ट बसविला. बारा कोनांचा सॉकेट अशा वेळीं निसटतो. मग लांब दांडा लावून आधीं केसभर आवळण्याच्या दिशेनें हिसका दिला आणि नंतर उलट फिरविलें. दिशा ठरवावी ती बुचाकडे तोंड करून. गाडीखालीं उताणें निजल्यावर भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. "कट्ट" असा आवाज झाला आणि बूच फिरलें! हेंही साधलें नसतें, तर बुचावर नवा नट वेल्ड करून तो फिरविणें, एवढा एक मार्ग त्याच्यापाशीं शिल्लक होता.

नवें बूच, नवा तांब्याचा वायसर घातला. ऑइल गाडीच्या पुस्तकांत लिहिलेल्या जातीचेंच घेतलें. कित्येक नव्या जातींतील गंधकयुक्त द्रव्यें जुन्या पेटींतील पितळी कड्यांस बाधतात. भोंकाच्या खालच्या कडेवरून ऑइल ओघळूं लागलें, म्हणजे पेटी भरली. बूच बेतानेंच आवळलें. त्या वेळीं मिस्त्रीनें माझ्याकडे पाहून एवढेंच म्हटलें, "गुरुजी, तेव्हां मी गांवाहून येईपर्यंत थांबला असतां तर?" पुतण्यानें दिवा खालीं ठेवला आणि त्याची हात जोडून क्षमा मागितली. मींही मागितली. वहिनींनीं आंतून तिघांना चहा पाठविला. दुसऱ्या दिवशीं गाडी वाईस गेली. चालवावयास मिस्त्रीच होता.

जातां जातां त्यानें पुतण्याला सांगितलेला नियम प्रत्येक गाडीवाल्यानें लिहून ठेवावा : भरण्याचें बूच आधीं सुटतें कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच रिकामें करण्याच्या बुचास हात घालावा.

मला वाटतें, एकत्र कुटुंबांतही हाच नियम लागू आहे. रागाच्या भरांत मन रिकामें करणें सोपें असतें. ओतून टाकलेला विश्वास पुन्हां भरण्याची वाट मोकळी आहे ना, हें आधीं पाहावें. आणि ती वाट आपणच कधीं काळीं आवळून ठेवली असेल, तर त्याच रात्रीं तसें सांगावें. सकाळची वाट पाहूं नये.